फोटो साफ आहे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये रत्नागिरीला घरी जाऊन आलो. आप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि आईने एकदाची त्यांची ट्रंक उघडायला परवानगी दिली. ट्रंकेत काय असणार? सातबाऱ्याचे उतारे, आंब्याच्या पेट्यांचे हिशोब लिहिलेल्या वह्या, बंद पडलेलं एचएमटीचं घड्याळ आणि तळाशी एक खाकी पाकीट. पाकिटात उजव्या मनगटाची एक्सरेची फिल्म.

या फिल्मची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १९७९ च्या मे महिन्यात आप्पा आंब्यावरून पडले. फार उंचावरून नाही, अगदी खालच्या फांदीवरून. हातात झेला होता, पाय सटकला, आणि पडताना माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. तळहात पुढे टेकला. मनगटाला थोडी सूज आली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, फोटो काढून घ्या. (आमच्याकडे अजूनही एक्सरेला फोटोच म्हणतात.) फोटो काढला. फोटो साफ आला. लचकलंय, शेकवा, पट्टी बांधा, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं.

हात दुखतच राहिला. मग हाडवैद्याकडे चोळून झालं, लेप झाला. आणि घरात बोलणी सुरू झाली. हंगाम ऐन भरात, गडी कमी, आणि एकोणतीस वर्षांचा धडधाकट मुलगा पेटी उचलताना हात झटकतो! आमचे तात्या, म्हणजे आजोबा, फटकळ. "फोटो साफ आहे ना? मग दुखतंय काय तुझं?" हे वाक्य तेव्हापासून आमच्या घरात म्हणीसारखं झालं. कोणी काम टाळलं की म्हणायचं, याचा फोटो साफ आहे! मीही लहानपणी म्हटलंय, आप्पांच्या देखत. ते हसायचे.

पुढे १९८५ मध्ये मुंबईला काकांकडे गेले असताना कोणीतरी ओळखीच्या डॉक्टरांना हात दाखवला. नवीन फोटो निघाला आणि त्यात स्पष्ट दिसलं: मनगटातल्या एका छोट्या हाडाचे दोन तुकडे, कधीच न जुळलेले. कडा गुळगुळीत झालेल्या. आजूबाजूच्या सांध्याची झीज सुरू झालेली. ऑपरेशनचं बोलणं झालं, पण आप्पांनी नको म्हटलं. त्यानंतर "पहिल्या डॉक्टरने चुकवलं" असा गोष्टीचा शेवट ठरून गेला. मी स्वतः दहा-पंधरा जणांना ती तशीच सांगितली असेल.

आता ट्रंकेतल्या पाकिटात फिल्मबरोबर एक चिठ्ठी निघाली. निळ्या शाईतली, घडीवर फाटलेली. औषधांची दोन नावं आणि खाली डॉक्टरी अक्षरात एक ओळ. मला ती लागायला पाच मिनिटं गेली. दुखणं राहिल्यास दोन आठवड्यांनी पुन्हा एक्सरे.

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "होती ना चिठ्ठी. पण तात्या म्हणाले, साफ आहे तर परत पैसे कशाला घालायचे. आणि पेट्या भरायच्या होत्या रे."

दोन आठवडेच का? आज न दिसणारं हाड पंधरा दिवसांनी कसं दिसणार होतं? या एका प्रश्नामागे लागून गेले दोन महिने मिळेल ते वाचतोय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण जे सापडलं ते इतकं रंजक आहे की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी त्या हाडाबद्दल. मनगटात लहान लहान आठ हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं एक म्हणजे स्कॅफॉइड. ग्रीक भाषेत स्काफे म्हणजे होडी, आणि हाडाचा आकार होडीसारखा. मिरकरवाड्यात होड्या बघत वाढलेल्या माणसाच्या हातातली होडी मोडावी आणि कोणाला पत्ता लागू नये! मनगटातल्या या छोट्या हाडांपैकी सर्वांत जास्त मोडणारं हाड हेच. मोडणारे बहुतेक तरुण पुरुष, आणि पडण्याची तऱ्हा आप्पांचीच: तळहात टेकून.

आता अंगठा ताठ वर उचलून बघा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या मागच्या अंगाला एक खळगा पडतो. डॉक्टर लोक त्याला तपकिरीची डबी म्हणतात, कारण पूर्वी युरोपात लोक त्या खळग्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढत. स्कॅफॉइड बरोबर त्या खळग्याच्या तळाशी असतं. पडल्यानंतर तिथे दाबलं आणि माणूस कळवळला, तर फोटो काहीही म्हणो, संशय घ्यायचा. हे वाचलं आणि मला एकदम तात्या दिसले. ते पडवीत बसून याच खळग्यात तपकीर घेत. आयुष्यभर.

या हाडाची खरी अडचण रक्ताची आहे. आमच्या वाडीत शिपणं कसं चालतं? पाटाचं पाणी एका टोकाने येतं आणि एकेका आळ्यातून पुढे सरकत शेवटच्या पोफळीपर्यंत जातं. मध्येच पाट फुटला तर शेवटची झाडं वाळतात. स्कॅफॉइडचा रक्तपुरवठा असाच, बोटांकडच्या टोकाने शिरून उलटा कोपराच्या दिशेने जाणारा. हाड कमरेत मोडलं की कोपराकडच्या तुकड्याला रक्त कमी पडतं. तो जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही, कधी तुकडा मरतो. वेळेवर प्लास्टर घातलं तर बहुतेकांचं जुळतं. म्हणून ते वेळेवर कळण्याला एवढं महत्त्व.

आता इतिहासाकडे. फोटो नव्हते तेव्हा काय करत? हाताने चाचपत. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये मनगटाजवळच्या मोठ्या हाडाच्या मोडण्याचं वर्णन लिहिलं. आजही त्या प्रकाराला त्यांचंच नाव आहे. मृतदेहातला नमुना हाताशी नसताना, जिवंत रोग्यांच्या हातांवरून बोटं फिरवून त्यांनी ते ओळखलं. पण ते मोठं हाड होतं, वाकलं की हात बाहेरून वाकडा दिसायचा. आत दडलेल्या होडीचं काय? ती 'लचकणं' या शब्दाखाली गेली. किती माणसं गेली असतील त्या शब्दाखाली, देव जाणे.

मग ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत वुर्झबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना ते किरण सापडले. काय आहेत ते ठाऊक नाही म्हणून बीजगणितातला अज्ञात 'एक्स' लावला, आणि आपण बीजगणितातला 'क्ष' घेऊन क्ष-किरण म्हटलं. २२ डिसेंबरला त्यांनी बायकोच्या हाताचं चित्र घेतलं. हाडं आणि बोटातली अंगठी. बातमी वणव्यासारखी पसरली. ३ फेब्रुवारी १८९६ ला, म्हणजे राँटगेन यांचा निबंध प्रसिद्ध होऊन दीड महिनाही झाला नव्हता तोवर, अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात एडी मॅकार्थी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाचा हात यंत्राखाली ठेवला गेला. गोठलेल्या नदीवर स्केटिंग करताना तो पडला होता. वीस मिनिटं हात न हलवता बसवला, तेव्हा मोडलेलं हाड काचेवर उमटलं. अमेरिकेतला वैद्यकीय उपयोगाचा पहिला एक्सरे तोच मानतात. आणि तो होता मनगटाचा!

आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या मोहिमेत बीव्हर नावाचे लष्करी डॉक्टर यंत्र घेऊन गेले होते, जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस स्वतः जुळवलेल्या यंत्रावर रोग्यांना बघत. पाठीचं हाड मोडलेल्या एका रोग्याला तपासायला जायचं आहे, असं त्यांनी १८९९ मध्ये चक्क रवींद्रनाथ टागोरांना कळवलं होतं.

या दिसण्याची किंमतही हातांनीच मोजली. नळी नीट चालते की नाही हे बघायला सुरुवातीचे लोक सरळ स्वतःचा हात मध्ये धरत. रोज, पुन्हा पुन्हा. एडिसनचे सहायक क्लॅरन्स डॅली यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते गेले. दवाखान्यात आपण सहज "फोटो काढून टाका" म्हणतो तेव्हा हे आठवत नाही.

फ्रान्सात लिआँ शहरात एत्येन देस्तो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८९६ पासून क्ष-किरणांचं काम केलं आणि मनगट हाच ध्यास घेतला. मनगटाच्या इजांवरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९२३ मध्ये आलं. 'लचकणं' म्हणून सोडून दिलेल्या मनगटांत खरं काय असतं, हे अशा लोकांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवलं.

पण क्ष-किरणाचं चित्र म्हणजे सावली. हाडातला चुना किरण अडवतो, म्हणून हाड पांढरं दिसतं. होडीला केसासारखी बारीक चीर गेली आणि दोन्ही तुकडे जागचे हलले नाहीत, तर सावलीत फरक काय पडणार? किरण नेमके चिरेच्या रेषेत गेले तर ती दिसते, थोडे तिरके गेले तर झाकली जाते. म्हणून वेगवेगळ्या कोनांतून चार-चार फोटो काढतात. तरीही पहिल्या दिवशी काही मोडलेली हाडं निसटतातच. पाच टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत आकडे दिलेले मी वाचले.

आता दोन आठवडे. मोडलेलं हाड जुळण्याआधी चिरेच्या कडा शरीर स्वतःच थोड्या विरघळवतं. मोडतोड साफ करून मगच नवीन बांधकाम. त्यामुळे दहा-चौदा दिवसांत चीर रुंद होते आणि पहिल्या फोटोत नसलेली रेघ दुसऱ्या फोटोत उमटते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी त्या एका ओळीत लिहून दिलं होतं.

बरं, दोन आठवडे थांबायचं तर हात प्लास्टरमध्ये ठेवून थांबायचं. आणि गंमत अशी की असा संशय घेतलेल्या बहुतेकांचं हाड मोडलेलं नसतंच! म्हणजे एकाचं मोडलेलं हाड सुटू नये म्हणून चार-पाच जणांचे हात उगाच बांधून ठेवायचे. हातावर पोट असलेल्याला पंधरा दिवस प्लास्टर म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी गेली. यातून सुटका करायला पुढची यंत्रं कामाला आली.

पहिली बोन स्कॅनची. १९७१ मध्ये अमेरिकेत सिराक्यूजला गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकअफी यांनी टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ फॉस्फेटच्या संयुगाला जोडून दाखवला. शिरेतून दिला की तो नवीन हाड बनत असेल तिथे जाऊन बसतो. म्हणजे हे हाडाचं चित्र नाही, हाडात चाललेल्या कामाचं चित्र. कुठे दुरुस्ती सुरू असेल तर ती जागा चमकते. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. त्यासाठी मॉलिब्डेनम भरलेलं भांडं आणतात, ज्यात टेक्नेशियम सतत तयार होत राहतं आणि रोज सकाळी ते काढून घेतात. या धंद्यातले लोक त्या भांड्याला गाय म्हणतात आणि त्या कामाला धार काढणं! पण ही गायही सहासष्ट तासांत निम्मी आटते. आपल्याकडे तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली आणि परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये. म्हणजे आप्पा पडले तेव्हा हे शास्त्र रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आत होतं. पण घाटाच्या एसटीने जाणाऱ्या, ऐन हंगामातल्या आंबेवाल्याला त्या साडेतीनशेचा काय उपयोग? कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं.

दुसरं सीटी स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआयचे इंजिनीयर. हो तेच, ज्यांच्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर आपल्या घरात नाट्यगीतं वाजली. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचं चित्र त्यांच्या यंत्राने घेतलं. सीटी म्हणजे कलिंगडाच्या फोडी करून आत बघावं तसं. सावलीवर सावली पडून झाकलेलं यात सुटं होतं. हाड किती सरकलंय, जुळलंय की नाही, हे सांगण्यात सीटी फार चांगलं.

तिसरं एमआरआय. इथे मला सगळ्यात मजा वाटली. नॉटिंगहॅम विद्यापीठात हिनशॉ, बॉटम्ली आणि हॉलंड या तिघांनी १९७७ च्या डिसेंबरात 'नेचर' नियतकालिकात या पद्धतीने घेतलेलं माणसाच्या शरीराचं एक चित्र छापलं. कशाचं? मनगटाचं! या पद्धतीने काढलेल्या माणसाच्या अगदी पहिल्या चित्रांपैकी ते एक. आप्पा पडण्याच्या दीड वर्ष आधीचं. एमआरआय चुना बघत नाही, पाण्यातला हायड्रोजन बघतं. हाडाला मार लागला की आतल्या मगजात सूज येते, पाणी साचतं, आणि फोटोत काहीच नसताना इथे ती जागा उजळते. दोन आठवडे थांबावं लागत नाही.

मग यातलं भारी कोणतं? २०१५ मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी याबद्दलचे अकरा अभ्यास एकत्र तपासले. पहिला फोटो साफ, पण संशय आहे, असेच रोगी. खरोखर मोडलेली शंभर हाडं धरली तर बोन स्कॅन त्यातली ९९ पकडतं, एमआरआय ८८ आणि सीटी ७२. पण न मोडलेल्या शंभरांपैकी १४ जणांना बोन स्कॅन उगाच 'मोडलंय' म्हणतं, सीटी एकाला, आणि एमआरआय जवळजवळ कोणालाच नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की नीट तपासून संशय असेल तर थेट एमआरआयचाच विचार करा. आणि यात एक मेख आहे. यंत्रं बरोबर की चूक हे ठरवलं कशावरून? बहुतेक वेळा काही आठवड्यांनंतरच्या तपासणीवरून आणि साध्या एक्सरेवरून. म्हणजे एवढी यंत्रं झाली तरी न्यायाधीश तोच जुना फोटो आणि तेच थांबणं.

आता शेवटची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून घसरला. शेवाळ. हात टेकला. फोटो काढला, साफ आला. मी घरीच होतो. तो जेवताना डाव्या हाताने चमचा धरायला लागला तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, "अरे, फोटो साफ आहे ना?" सवयीने. सगळे हसले. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला घेऊन हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण मुलगी होती. तिने फिल्म बाजूला ठेवली, आधी त्याचा अंगठा उचलायला लावला आणि त्या खळग्यात बोट दाबलं. पोरगा कळवळला. ती म्हणाली, "काका, फोटोत नाहीये हे बरोबर. पण याला दुखतंय हेही बरोबर." तात्पुरतं प्लास्टर घातलं आणि एमआरआय सांगितला. तो रत्नागिरीतच झाला, कुठे जावं लागलं नाही. आणि निकाल? हाड मोडलेलं नव्हतं. नुसता मुका मार. चौथ्या दिवशी प्लास्टर निघालं.

वहिनी म्हणाली, उगाच पैसे गेले. एका अर्थाने गेले खरे. पण मी त्या मुलाचा चेहरा बघितला होता, बाईंनी "दुखतंय हेही बरोबर" म्हटलं तेव्हाचा. आप्पांना १९७९ मध्ये हे कोणी म्हटलं असतं तर हाड जुळलंच असतं असं मी म्हणणार नाही. दोन आठवड्यांत त्यांनी हात थोडाच स्वस्थ ठेवला होता. पण सहा वर्षं कामचुकार म्हणवून घ्यावं लागलं नसतं. मुंबईच्या त्या फोटोनंतर तात्या त्यांच्याशी काही बोलले का, हेही आईला विचारलं. म्हणाली, बोलले नाहीत. पण त्या वर्षीपासून पेट्या ते स्वतः उचलायला लागले. तेव्हा तात्या सत्तरीला आले होते.

असो. फिल्म आणि चिठ्ठी पाकिटात घालून परत ट्रंकेत ठेवली आहे. हे लिहायचं मुख्य कारण एवढंच की घरची बरीच मंडळी इथे वाचतात, आणि त्यांतल्या अनेकांना ही गोष्ट मीच सांगितलेली आहे. तर काकू, पुण्याची मंडळी, आणि बाकी सगळे, कृपया दुरुस्ती करून घ्या. डॉक्टरांनी चुकवलं नव्हतं. त्यांनी परत या म्हणून लिहून दिलं होतं. आपण गेलो नाही.